रुपयातले पाच पैसे

शंभर रुपयांचा किराणा विकला तर दुकानदाराला त्यातून किती सुटत असतील? वीस? पंचवीस? कुठल्याही पेठेत हा प्रश्न विचारून बघा. सरळ उत्तर मिळणार नाही, फार तर चहा मिळेल. पण एका किराणा साखळीचा हिशेब सगळ्यांसमोर उघडा आहे, कारण ती शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे. तिचं नाव डी-मार्ट. २०२३-२४ या वर्षात तिची विक्री झाली सुमारे ५०,७८९ कोटी रुपयांची. सगळा खर्च आणि सगळा कर वजा जाता उरले सुमारे २,५३६ कोटी. करा भागाकार. शंभराला पाच. म्हणजे रुपयाला पाच पैसे!

पाच पैशांचं नाणंसुद्धा आता कुणी पाहिलेलं नाही. आणि एवढ्याशा उरण्यावर ही साखळी वाढली तरी किती! २००२ साली मुंबईत पवईला पहिलं दुकान उघडलं. मार्च २०१७ मध्ये दुकानं झाली १३१. मार्च २०२५ मध्ये ४१५. पवईहून निघालेली ही साखळी नाशिक ओलांडून आमच्या जळगावापर्यंत येऊन पोचली आहे. स्वस्त विकायचं, रुपयामागे पाच पैसे ठेवायचे आणि तरीही दुकानामागून दुकान उघडत जायचं, हे गणित बसतं तरी कसं?

आधी त्या शंभर रुपयांचा माग काढू. त्यातले साधारण ८५ रुपये माल बनवणाऱ्याकडे जातात. हातात राहिले १५. त्यातून पगार, वीज, वाहतूक, पिशव्या, झाडलोट असा चालू खर्च सुमारे सात रुपये. उरले आठ. इमारतीची आणि यंत्रांची झीज, मग सरकारचा कर. शेवटी राहतात पाच. आता गंमत बघा. चालू खर्च सात रुपयांवरून बारा झाला, तर बहुतेक नफा साफ. म्हणजे सुपरमार्केटची सगळी अक्कल खर्ची पडते ती जास्त कमावण्यापेक्षा एकेक पैसा जाऊ न देण्यात. आणि तो पैसा अडवायच्या युक्त्या एका माणसाच्या नाहीत, एका देशाच्याही नाहीत. शंभराहून जास्त वर्षं त्या एकावर एक रचल्या गेल्या आहेत.

पहिली युक्ती इतकी साधी आहे की ती कुणाला तरी सुचावी लागली, हेच आज खरं वाटत नाही. धुळ्याच्या पाचकंदील भागातलं किंवा जळगावच्या दाणाबाजारातलं जुन्या वळणाचं दुकान डोळ्यांसमोर आणा. गिऱ्हाईक फळीच्या अलीकडे, माल फळीच्या पलीकडे. तुम्ही यादी वाचणार, पोऱ्या घोड्यावर चढून डबा काढणार, शेटजी तोलणार, पुडा बांधणार, दोरा तोडणार. मागे चार जण ताटकळत उभे. सगळ्या जगात दुकान असंच असायचं. ६ सप्टेंबर १९१६ रोजी अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या माणसाने ती मधली फळीच काढून टाकली. त्याच्या ‘पिगली विगली’ या दुकानात गिऱ्हाइकाने टोपली घ्यायची, आत शिरायचं, हवं ते स्वतः उचलायचं आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे. लोक हसले असतील. पण झालं काय? पोऱ्याचं काम गिऱ्हाईक करू लागलं, तेही फुकट, तेही खुशीने! आणि स्वतःच्या हाताने घेताना यादीत नसलेल्या दोन वस्तूही टोपलीत पडू लागल्या. खर्च खाली, विक्री वर. एकाच फटक्यात दोन्ही.

टोपली मात्र जड होते. हात भरून आले की गिऱ्हाईक थांबतं. ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानमालकाच्या हे लक्षात आलं. घडीच्या खुर्चीला चाकं लावावीत आणि वर दोन टोपल्या ठेवाव्यात, अशी त्याची कल्पना. १९३७ साली त्याने ही गाडी दुकानात आणली आणि कुणी तिला हातच लावेना. तरुणांना ती घेणं म्हणजे आपल्या दंडातला जोर कमी असल्याची कबुली वाटे. बायकांना वाटे, घरी बाबागाडी ढकलतोय ती काय कमी आहे? मग गोल्डमनने पगार देऊन माणसं आणली. त्यांचं काम एकच, दुकानभर ऐटीत ट्रॉली ढकलत हिंडायचं. त्यांना बघून बाकीचे शिकले. आज जळगावात ट्रॉलीतल्या पोराला ‘बस रे खाली’ म्हणून दटावणाऱ्या आईला हे सांगून बघा.

आता उरला गल्ला. ट्रॉलीत चाळीस वस्तू, प्रत्येकीची किंमत वेगळी. एकेक किंमत वाचून आकडे मारत बसलं तर रांग रस्त्यावर जाईल. यावरचा उपाय तुमच्या घरात या क्षणी पन्नासेक ठिकाणी छापलेला आहे. त्याचा पहिला आराखडा समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत काढला गेला. १९४९ च्या जानेवारीत मायामीच्या किनाऱ्यावर बसलेल्या जोसेफ वुडलँडने मोर्सच्या ठिपक्या-रेघांचा विचार करता करता बोटं वाळूत खाली ओढली. ठिपक्यांच्या बारीक रेघा झाल्या, रेघांच्या जाड. बारकोडची कल्पना ती हीच. पण त्या रेघा वाचायला स्वस्त लेझर आणि स्वस्त संगणक लागणार होते. त्यांची वाट बघण्यात पाव शतक गेलं. २६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटात पहिली वस्तू खऱ्या गल्ल्यावर ‘बीप’ झाली. च्युइंगमचं पाकीट होतं ते, किंमत ६७ सेंट.

त्या रेघांखालचे तेरा आकडे कधी नीट पाहिलेत? भारतात नोंदणी झालेल्या कंपन्यांचे आकडे ८९० ने सुरू होतात. (माल भारतात बनला असंच नव्हे, आकडा इथे नोंदला गेला एवढाच त्याचा अर्थ.) खरी जादू शेवटच्या, तेराव्या आकड्यात आहे. तो वस्तूबद्दल काहीच सांगत नाही. तो बाकीच्या बारांवर पहारा करतो. नमुन्यासाठी ८९०१२३४५६७८९ हे बारा आकडे घ्या. एक सोडून एक आकडे मिळवा: ८, ०, २, ४, ६, ८. बेरीज २८. उरलेले ९, १, ३, ५, ७, ९. बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०. पुढच्या पूर्ण दहाला पोचायला किती कमी पडतात? शून्य. म्हणून तेरावा आकडा शून्य. आता समजा पाकीट चुरगळलंय आणि यंत्राने ५ च्या जागी ६ वाचला. बेरीज होते १३३, शेवटी ७ हवा होता, छापलाय शून्य. यंत्राला तिथल्या तिथे कळतं की वाचण्यात घोळ झाला. ते बीप करतच नाही. गल्ल्यावरची मुलगी पाकीट हाताने सपाट करते आणि पुन्हा धरते. बिस्किटाच्या पुड्यावर गणिताचा असा पहारेकरी बसलेला असतो आणि त्याचा पगार शून्य!

या तिन्ही युक्त्या एकत्र चालल्या की काय होतं? २०२३-२४ मध्ये डी-मार्टच्या गल्ल्यांवर तीस कोटींहून जास्त बिलं फाटली. दुकानांच्या संख्येने आणि दिवसांनी भागलं तर एका दुकानात दिवसाला सरासरी चोवीसशे बिलं येतात आणि विक्री चाळीस लाखांच्या घरात. सरासरी बिल सोळाशे रुपयांच्या आसपासचं. त्यातून दुकानाला उरणार ऐंशी-नव्वद रुपये. एवढंच. पण दिवसाला चोवीसशे वेळा.

आणि इथे आपण सगळ्यात मोठ्या आश्चर्यापाशी येतो. खानदेशातल्या घरांत उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरतात. गव्हाची पोती येतात, अंगणात ऊन दाखवलं जातं, तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात फिरतो, कडुनिंबाचा पाला घालून पत्र्याच्या कोठ्या बंद होतात. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत घर निर्धास्त. कोठीत अडकलेला पैसा वर्षातून एकदा मोकळा होतो. सुपरमार्केट म्हणजे या कोठीच्या बरोबर उलट. तिथे भरलेली कोठी ही श्रीमंती नाही, ते दुखणं आहे. माल आला की गेला पाहिजे. डी-मार्टच्या दुकानांत आणि गोदामांत मिळून असलेला सगळा माल साधारण महिनाभरात विकून संपतो. म्हणजे तोच पैसा वर्षातून बाराएक वेळा फिरतो.

आता हिशेब करा. एका दुकानदाराने शंभर रुपयांचा माल भरला, त्यावर घसघशीत वीस रुपये नफा घेतला, पण माल खपायला सहा महिने लागले. वर्षाला दोन फेऱ्या, चाळीस रुपये. दुसऱ्याने पाचच रुपये घेतले, पण बारा फेऱ्या केल्या. वर्षाला साठ! लोभी कोण आणि हुशार कोण? स्वस्त विकणं हा उपकार नाही आणि जाहिरातही नाही. स्वस्त म्हणून माल लवकर जातो, लवकर जातो म्हणून थोडक्यात भागतं, थोडक्यात भागतं म्हणून आणखी स्वस्त देता येतं. पाच पैशांचं कोडं सुटतं ते इथे. नफा पैशाच्या आकारात नसून त्याच्या वेगात असतो.

हा वेग मालाच्या दुसऱ्या टोकालाही लावता येतो, आणि तिथली चाल तर अफलातून आहे. मोठे दुकानदार सहसा काय करतात? कंपनीकडून माल उधार घेतात आणि पैसे महिना-दीड महिन्याने देतात. तेवढे दिवस दुसऱ्याचा पैसा बिनव्याजी वापरायला मिळतो. डी-मार्टने उलटं केलं. ती आठवडा-दहा दिवसांत पैसे चुकते करते. तोटा नाही का झाला? नाही. ज्याला पैसे लवकर मिळतात तो भाव कमी करून देतो, कारण आता त्याचाही पैसा जास्त वेळा फिरतो. शिवाय टंचाईच्या दिवसांत माल आधी कुणाला द्यायचा, हे तो न सांगता ठरवतो. आडतीवर हे कुणाला नवीन नाही. रोख मोजणाऱ्याला माल निवडून मिळतो. नवल एवढंच की पन्नास हजार कोटींच्या धंद्यातही तोच नियम चालतो.

हे सुचलं कुणाला? राधाकिशन दमाणी या शेअर बाजारातल्या गुंतवणूकदाराला. दुकानदारीत उतरण्याआधी त्यांनी नव्या मुंबईत नेरूळला एका दुकानाची फ्रँचायझी घेऊन हात बसवला. कुणाची माहितीय? ‘अपना बाजार’ची! १९४८ साली मुंबईच्या नायगावात, गिरणी कामगारांच्या वस्तीत जन्मलेली ही सहकारी ग्राहक संस्था. तिचं मूळ आणखी मागे जातं. १८४४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेल या गिरणगावात २८ जणांनी, त्यांत विणकर बरेच होते, वर्गणी काढून लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल घेऊन दुकान थाटलं. हेतू एकच, चोख माल रास्त भावात. विणकरांच्या वर्गणीतून निघालेली कल्पना, गिरणी कामगारांनी मुंबईत रुजवली आणि शेअर बाजारातल्या माणसाने तिथे जाऊन ती शिकून घेतली. २१ मार्च २०१७ ला त्याच्या कंपनीचा शेअर बाजारात आला. २९९ रुपयांना विकलेला शेअर पहिल्याच दिवशी सहाशेच्या वर उघडला. कादंबरीत लिहिलं तर लोक म्हणतील, फार जुळवून आणलंय.

पण वेग म्हटला की घाई आलीच, असं नाही. उलट दुकानं उघडण्यात या साखळीने घाई केलीच नाही. पहिल्या पंधरा वर्षांत १३१ दुकानं. त्याच काळात चेन्नईच्या ‘सुभिक्षा’ने काय केलं? १९९७ मध्ये सुरुवात, २००८ पर्यंत देशभर जवळजवळ १,६०० दुकानं. मग रोख पैसा आटला आणि २००९ च्या सुरुवातीला सगळ्यांची शटरं खाली. ‘बिग बझार’ २००१ मध्ये सुरू झालं. देशभर नाव झालं, पण जागांचं भाडं थकत गेलं आणि २०२२ च्या फेब्रुवारीत रिलायन्सने त्याच्या अनेक दुकानांचा ताबा घेतला. डी-मार्ट बहुतेक ठिकाणी जागा विकत घेते, नाहीतर फार लांब मुदतीने घेते. त्यात सुरुवातीला भरपूर पैसा अडकतो, म्हणून चाल हळू. पण शहर वाढलं, आसपासचं भाडं तिप्पट झालं, तरी हिच्या सात रुपयांच्या खर्चात भाड्याचा आकडा फुगत नाही. माल क्षणभर थांबू द्यायचा नाही आणि इमारत मात्र कायमची धरायची! एकाच धंद्यात हे दोन स्वभाव नांदतात.

आता नकाशा काढा, कारण खानदेश या गोष्टीत येतो तो रस्त्यांमुळे. साखळी देशभर इकडे-तिकडे दुकानं टाकत नाही. आधी गोदाम, मग त्याच्या ट्रकच्या टप्प्यातली दुकानं, मग त्यांच्या शेजारचं शहर. भिवंडीच्या बाजूने निघालेला ट्रक कसारा घाट चढतो, नाशिक मागे टाकतो, मालेगावावरून धुळ्याला येतो. धुळ्याला काय आहे? मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता एकमेकांना इथेच छेदतात. शिवाय संभाजीनगरहून, सोलापूरहून वर येणारा रस्ताही इथेच येऊन मिळतो. इथून एक वाट शिरपूरवरून इंदूरकडे, एक साक्री-नवापूरवरून सुरतेकडे, एक पारोळा-एरंडोलवरून जळगावकडे. जळगाव नव्वदेक किलोमीटर. पुढे भुसावळ, मग मलकापूरपासून वऱ्हाड. एका ट्रकने एकाच दुकानाचा माल नेला तर वाहतूक अंगावर येते. त्याच वाटेवर चार दुकानं असली की तोच खर्च चार ठिकाणी वाटला जातो. म्हणूनच या साखळीची सगळ्यात जास्त दुकानं आजही महाराष्ट्रातच आहेत.

आणि ट्रक काही एकाच दिशेने भरलेले धावत नाहीत. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत डाळ मिलच्या रांगा आहेत. तिथे तूर चाळली जाते, तिच्या सालीला चरे पाडून तेल लावतात, पाणी देतात, वाळवतात, मग भरडतात. तेव्हा कुठे दाणा न चुरता साल सुटते आणि दोन सुबक पाकळ्या हाती येतात. अशी डाळ देशभर जाते. सुपरमार्केट साखळ्या धान्य-कडधान्य घाऊक घेऊन, साफ करून, स्वतःच्या नावाच्या पिशव्यांत भरतात. डी-मार्टने तर त्यासाठी वेगळी उपकंपनीच ठेवली आहे. म्हणजे मुंबईच्या मॉलमधली डाळ आमच्या इथली असू शकते आणि आमच्या ट्रॉलीतली डाळही मुंबई फिरून आलेली असू शकते!

सगळ्यात कठीण माल मात्र डाळ नव्हे. डाळ थांबते. केळी थांबत नाही. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातला शेतकरी मृगबाग आणि कांदेबाग अशा दोन हंगामांत लागवड करतो. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. इथून घड निघतो तो हिरवागार, कडक. तो पिकलेला का नसतो? कारण पिकायला लागलेलं केळं स्वतःच एथिलीन नावाचा वायू सोडतं, त्या वायूने आणखी पिकतं, शेजारच्या केळ्यालाही पिकवतं. एकदा हे सुरू झालं की मागे फिरवता येत नाही. म्हणून लांबच्या प्रवासाला त्याला १३-१४ अंशांवर झोपवून नेतात. आणखी थंड केलं तर? सालीचा रंग काळवंडतो आणि नंतर ते नीट पिकतच नाही. एका-दोन अंशांचा खेळ!

मग शहरातल्या पिकवण कोठीत त्याला जागं करतात. तापमान १६ ते १८ अंश, हवेच्या दहा लाख भागांत एथिलीनचे जेमतेम शंभर भाग, एक-दोन दिवस. पुढच्या तीन-चार दिवसांत फणी पिवळी होते. सुपरमार्केटला शनिवारी पिवळी केळी हवी असतील, तर कोठीचं दार कोणत्या वारी बंद करायचं, हे मागे मोजत येऊन ठरवावं लागतं. त्याच्याही मागे मोजलं तर रावेरच्या बागेत घड कापणारी टोळी कोणत्या दिवशी शिरणार, तिथपर्यंत हिशेब पोचतो. फळाच्या आतली रसायनं आणि दुकानाचं कॅलेंडर यांची वेळ अशी जुळवलेली असते.

दुकानात परत येऊ. तिथे गेल्यावर एक गोष्ट खटकली असेल. टूथपेस्टचे तीस प्रकार दिसत नाहीत. मोजकेच ब्रँड आणि मोठी पाकिटं. हा कंजूसपणा मुद्दाम आहे. जे खपत नाही ते फळीवर आलं की वेग मंदावतो. आणि किराण्याच्या पलीकडे बादल्या, चादरी, डबे, चपला, मुलांचे कपडे कशाला? विक्रीत खाण्याच्या वस्तूंचा वाटा सुमारे ५७ टक्के, साबण-पावडर वगैरे २० टक्के आणि हा सटरफटर माल साधारण २३ टक्के. डाळ-साखरेवर फारसं सुटत नाही, या बादलीवर सुटतं. लोक येतात साखरेसाठी, दुकान तगतं बादलीवर.

बिलाच्या तळाशी ‘तुमची बचत’ म्हणून जो आकडा येतो, त्यामागेही एक खास भारतीय गोष्ट आहे. पाकिटावर सगळ्या करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याची सक्ती आपल्याकडे १९९० मध्ये आली. तिचा हेतू दुकानदाराला चढ्या भावापासून अडवण्याचा. सरकारने वरची मर्यादा घातली आणि सुपरमार्केटने तिचीच जाहिरात केली. छापील भाव इतका, आमचा इतका. प्रत्येक पाकीट कंपनीच्याच खर्चाने दुकानाची स्वस्ताई गाऊ लागलं!

एवढं सगळं ऐकल्यावर वाटेल, मग गल्लीतलं दुकान संपलंच की. पण देशातला बहुतांश किराणा अजूनही साध्या दुकानांतूनच जातो. जळगावकरांना ‘नवजीवन’सारखी स्थानिक सुपर शॉपही आहेत आणि कोपऱ्यावरचं दुकानही. का टिकलं ते? उत्तर पुन्हा त्या पाच पैशांतच आहे.

पाचशे रुपयांचा किराणा घरपोच मागवा. साखळीच्या हिशेबाने त्यात नफा पंचवीस रुपये. पोराचा वेळ, गाडीचं पेट्रोल, पिशवी, चुकलेला पत्ता. पंचवीस संपायला किती वेळ लागतो? म्हणूनच डी-मार्टची ‘रेडी’ ही ऑनलाइन सेवा मोजक्या शहरांत राहिली आणि तोट्यात चालली. मोठ्या शहरांत दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या कंपन्या कोट्यवधी ओतून हे कोडं सोडवू पाहताहेत. इकडे कोपऱ्यावरचा किराणावाला फोनवर ‘पाव किलो शेव आणि खोबरं पाठव’ ऐकून पोरगं सायकलवर पिटाळतो. त्याचा हिशेब वेगळा आहे. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत, भाडं नाही. बसणारे घरचेच, पगार नाही.

आणि उधारी? कापूस विकेपर्यंत, केळीचे पैसे येईपर्यंत वहीत लिहून माल देणं साखळीला जमणारच नाही. जिचा सगळा डोलारा पैसा महिन्यात फिरण्यावर उभा आहे, तिने तो चार महिने गिऱ्हाइकाकडे थांबवला तर शंभराच्या बारा फेऱ्यांच्या तीनही उरणार नाहीत आणि साठ रुपयांचे पंधराही. गल्लीतला दुकानदार ते चार महिने काढतो, कारण समोरच्याचं शेत कोणत्या शिवारात आहे आणि यंदा वेचणी कशी झाली, हे त्याला ठाऊक असतं. भावाच्या लढाईत तो हरेल, रोज हरेल. पण रुपयातल्या पाच पैशांत जे बसत नाही, ते सगळं अजून त्याचंच आहे.